टाका एकसारखा कसा येतो

विणलेला तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरला की विणणारीचा हात दिसतो. कुठे टाके दाटीने बसलेले, कुठे मधूनच एखादा टाका फुगलेला, कुठे एक ओळ मोकळी आणि तिच्या खालची आवळलेली. घरातली जाणती बाई तो तुकडा बघते आणि सांगते, "हात सैल आहे तुझा, जरा ओढून विण." तसं केलं की टाके सुईवरून सरकेनासे होतात, अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं आणि पुढचा तुकडा आधीपेक्षा जास्त ओबडधोबड निघतो. मग सुया पिशवीत जातात आणि मनात बसतं की आपल्या हातात ही कला नाही.

याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, सल्ला अर्धा असतो. टाक्याचा आकार ठरवणं हे एक काम आणि धाग्याचा ताण राखणं हे दुसरं. पहिलं काम सुईचं, दुसरं बोटांचं. धागा ओढून आकार ठरवायला गेलं की दोन्ही कामं बिघडतात. या लेखात जे काही सांगायचं आहे ते एवढ्या एका गोष्टीभोवती आहे.

जालना जिल्ह्यात तर ही गोष्ट समजून घेण्याची गरज जास्त आहे. इथली थंडी थोडक्या दिवसांची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी पुन्हा २८-३० अंशांवर चढतो आणि संक्रांत उलटली की स्वेटर कपाटात जायला लागतात. हिमाचलातली बाई वर्षातले कितीतरी महिने सुया हातावेगळ्या करत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर बाहेर निघालेल्या सुया होळीच्या आत पेटीत पडतात. हात बसायला लागतो तोच हंगाम संपतो. शिवाय विणलं जातं तेही लहानसं: बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, झबलं, नातवाचा बिनबाह्यांचा स्वेटर, रुखवतात मांडायची एखादी वस्तू. लहान वस्तूत टाके मोजकेच, त्यामुळे एक टाका चुकला तरी डोळ्यांत भरतो. सरावाच्या भरवशावर राहावं एवढे दिवसच इथे मिळत नाहीत. पण टाका का बिघडतो हे एकदा कळलं असेल, तर पुढच्या वर्षी सुया काढल्यावर पहिल्या आठवड्यातच हात पुन्हा बसतो.

मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन धागे असतात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा वळसे घेत जातो आणि प्रत्येक वळसा खालच्या वळशातून ओढून काढलेला असतो. अशा कापडाचा सगळा स्वभाव एका मापावर अवलंबून असतो: एका टाक्यात किती धागा गेला. डी. एल. मंडन या इंग्रज संशोधकाने १९५९ साली साध्या सुलट विणीवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. कापडातला ओढलेपणा निघून गेला आणि ते आपल्या मूळ अवस्थेत येऊन पडलं, की त्यात एका इंचात किती टाके आणि किती ओळी बसतील हे जवळजवळ पूर्णपणे टाक्यातल्या धाग्याच्या लांबीवर ठरतं, असं त्यांनी दाखवून दिलं. ठरावीक जागेत मावणारे टाके या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात. म्हणजे प्रत्येक टाक्यात १० टक्के धागा जास्त गेला, तर तेवढ्याच जागेत सुमारे १७ टक्के टाके कमी बसतात. चार पदरी लोकर आणि ८ नंबरची सुई घेतली तर एका टाक्यात साधारण दीड सेंटिमीटर धागा जातो. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी ती सहा-सात टक्क्यांची होते. फुगलेला टाका दिसायला एवढं पुरतं.

हे घरी तपासता येतं, आणि प्रत्येकीने एकदा तरी तपासावं असं मला वाटतं. विणताना धाग्यावर पेनाने खूण करावी, २० टाके विणावेत, पुन्हा खूण करावी. मग तेवढे टाके उसवून दोन खुणांमधला धागा हलक्या हाताने सरळ करून मोजावा आणि २० ने भागावं. सुलट ओळीत एकदा, उलट ओळीत एकदा. निवांत बसलेलं असताना एकदा, टीव्हीवरची मालिका बघताना एकदा. आकडे समोर आले की "माझा हातच खराब" हे वाक्य मागे पडतं. त्याच्या जागी "उलट ओळीत टाक्यामागे एक मिलिमीटर जास्त जातोय" असं नेमकं काहीतरी हाती येतं, आणि नेमक्या दोषावर इलाज करता येतो.

आकार आणि ताण वेगळे असतात हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते स्वेटरच्या यंत्रात. शाळेच्या गणवेशाचे स्वेटर ज्यावर विणतात त्या हाताने सरकवायच्या यंत्रात धागा आधी दोन चकत्यांमधून जातो. चकत्यांवर स्प्रिंगचा बेताचा दाब असतो. धागा लोंबू नये, गुंतू नये, एका लयीत यावा, एवढंच त्या चकत्यांचं काम. टाका लहान की मोठा हे त्या ठरवत नाहीत. ते ठरतं सुयांवरून सरकणाऱ्या गाडीच्या पोटातल्या कॅमवर, म्हणजे सुई किती खाली ओढली जाते यावर. चकत्या आवळून टाका बारीक करायला कोणी गेलं तर धागा तुटतो किंवा टाके गळतात. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ साली मोजे विणण्याचं पहिलं यंत्र बनवलं, तेव्हापासून यंत्रं सुधारत गेली आणि ही दोन कामं दोन वेगळ्या भागांकडे गेली. हाताने विणणाऱ्या बाईला मात्र अजून "ओढून विण" एवढंच सांगितलं जातं.

हातात कॅमचं काम सुईचा दांडा करतो. सुईचं टोक निमुळतं असतं, मागचा दांडा सगळीकडे सारख्या जाडीचा. नवा वळसा टोकावर तयार होतो, पण त्याचं माप टोकावर ठरू द्यायचं नसतं. तो पूर्ण जाडीच्या भागावर सरकवायचा, तिथे तो दांड्याला अलगद टेकला की त्याचं माप पक्कं झालं. ज्यांचे टाके फार घट्ट येतात त्या बहुतेक जणी टोकावरच वळसा आवळून मग तो मागे ढकलत असतात. टोकाची जाडी जागोजागी वेगळी, म्हणून प्रत्येक टाकाही वेगळा. आणि टाका झाल्यावर धाग्याला जो एक हिसका देण्याची सवय असते ती तर सरळ नुकसान करते. त्या हिसक्याने नवा टाका फारसा घट्ट होत नाही, आधीच्या टाक्यातला धागा मात्र ओढला जातो. तो आक्रसतो, त्याच्या शेजारचा जरा मोकळा दिसतो, मग तोही आवळावासा वाटतो. अशी एका टाक्यातली चूक ओळभर पसरते.

सुई पूर्ण जाडीपर्यंत घालून विणायला लागल्यावर वीण सैल वाटली तर सुई बदलावी, हात बदलू नये. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवरचे आकडे उलटे चालतात: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर २.७५ मिलिमीटर. आकडा वाढला की सुई बारीक. हा उलटेपणा ब्रिटिश तारेच्या मापातून आला. तार ओढताना ती एकाहून एक लहान छिद्रांतून काढतात, जितक्या वेळा काढावी तितकी ती बारीक होते आणि तिचा आकडा वाढतो. सळईच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पूर्वी सायकलच्या चाकाचे स्पोक घासून सुया करायचे. तो स्पोक साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे १४ नंबर. बाळाच्या मोज्यांना तो अगदी बरोबर बसायचा.

आता बोटांकडे येतो.

गुंड्यापासून सुईपर्यंत येताना धाग्याने कुठेतरी थोडा अडथळा घ्यायला हवा. तो अडथळा कुठून येतो याचं शास्त्र शेतकऱ्याला आधीपासून माहीत आहे. उधळलेल्या बैलाचा कासरा नुसत्या हाताने धरून ठेवता येत नाही, पण तोच खुंट्याला दोन वेढे देऊन धरला तर लहान मूलही बैल थांबवतं. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं: वेढा वाढत जाईल तसा ताण बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतो. बोट आणि लोकर यांच्यातला घर्षणांक ०.२५ धरला, तर अर्ध्या वेढ्याने ताण सुमारे २.२ पट होतो, पूर्ण वेढ्याने ४.८ पट आणि दोन वेढ्यांनी २३ पट. हा हिशेब ढोबळ आहे, बोट काही लाकडाचा खुंटा नव्हे, पण त्यातून दोन गोष्टी लख्ख दिसतात.

पहिली ही की करंगळीला एकाऐवजी दोन वेढे देणं हा लहान बदल नाही. हात सैल म्हणून कुणी दोन वेढे घ्यायला सांगतं आणि मग लोकर सरकतच नाही, बाई ती दुसऱ्या हाताने ओढून ओढून मोकळी करत बसते. दर वेळी ओढलेला धागा वेगळ्या लांबीचा, म्हणून टाकेही वेगळे. आधी करंगळीभोवती एक वेढा, तिथून मधल्या दोन बोटांच्या खालून आणि तर्जनीच्या वरून, अशी वाट करून बघावी. त्यात सैल वाटलं तर दुसऱ्या बोटावर अर्धा वळसा वाढवावा, जास्त वाटलं तर करंगळीचा वेढा काढून धागा नुसता मुठीतून आणावा. बोटं आवळून धरायची गरज पडू नये. आवळलेली मूठ दहा मिनिटांनी थकते, सैलावते आणि त्या क्षणापासून टाका बदलतो. वेढ्याचं घर्षण थकत नाही.

दुसरी गोष्ट घामाची. ओलसर त्वचेवर घर्षण वाढतं. घर्षणांक ०.२५ चा ०.३५ झाला तर त्याच एका वेढ्याचा ताण ४.८ पटीवरून ९ पटीवर जातो. जालन्यातल्या जानेवारीच्या कोरड्या सकाळी उन्हात बसून विणलेल्या ओळी आणि मार्चच्या दुपारी पंख्याखाली विणलेल्या ओळी एकाच स्वेटरमध्ये वेगळ्या का दिसतात, त्याचं कारण इथे आहे. हात धुऊन कोरडे करून बसणं, बोटांना किंचित टाल्कम पावडर लावणं, उन्हाळ्यात करंगळीचा वेढा अर्ध्यावर आणणं, हे साधे उपाय खरोखर उपयोगी पडतात.

ताणाची सुरुवात मात्र बोटांच्याही आधी होते, गुंड्यापाशी. गुंडा खुर्चीखाली गडगडत असेल, चादरीत अडकत असेल, तर दर काही टाक्यांनी धाग्याला झटका बसतो आणि तो झटका पटीने वाढून सुईवर पोचतो. गुंडा खोल डब्यात किंवा पातेल्यात ठेवावा आणि दर काही ओळींनी हातभर-दोन हात धागा मोकळा करून ठेवावा. लडीचा गुंडा करताना तो कसून गुंडाळू नये. कसून गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मूळ लांबीवर परत येते. मग बाळाचं टोपडं बाळाला होत नाही. गुंडा करताना चार बोटं आत धरून त्यांच्यावरून लोकर घ्यावी आणि मधूनमधून बोटं काढून दिशा बदलावी. दाबल्यावर बोट सहज आत शिरेल इतका मऊ गुंडा चांगला.

एवढं केल्यावरही बहुतेक जणींच्या कामात एक खोड राहते, ती म्हणजे उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येणं. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी वीण घातली आणि तुकड्याची मागची बाजू पाहिली, की दोन-दोन ओळींच्या जोड्या दिसतात, जोड्यांच्या मधे चर पडलेली. उलट टाक्यात धागा सुईच्या पुढून येतो, त्याला वळसा घालताना हात जास्त फिरतो आणि धाग्याची वाट थोडी लांबते. टाक्यामागे अर्धा मिलिमीटर जरी वाढला तरी तो शंभर टाक्यांच्या ओळीत सगळीकडे सारखाच वाढतो, म्हणून चर सलग दिसते. हा दोष असलेल्या बाईला मी सरावाचा सल्ला देणार नाही. तिने उलट ओळीसाठी उजव्या हातात एक नंबर बारीक सुई घ्यावी: सुलट ओळीला ८ नंबर, उलट ओळीला ९ नंबर. नवा टाका उजव्या सुईवर घडतो, त्यामुळे त्याचं माप तिथेच ठरतं. दोन वेगळ्या रंगांच्या सुया असल्या की गोंधळ होत नाही. इतका सोपा आणि इतका कमी वापरला जाणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

आणखी एक मार्ग आहे, त्याला थोडं भान लागतं. उलट टाक्यात धागा नेहमीच्या दिशेऐवजी विरुद्ध दिशेने सुईवर घेतला तर वाट आखूड होते आणि टाका घट्ट बसतो. पण असा टाका सुईवर आडवा बसतो. पुढच्या सुलट ओळीत तो मागच्या पायातून विणावा लागतो, नाहीतर पीळ पडतो. ज्यांना हे जमतं त्यांची वीण फार सुंदर येते. नवशिकीने आधी सुई बदलून बघावी.

बॉर्डरमधली शिडी हा याच दोषाचा दुसरा अवतार. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर घालताना सुलट टाक्यांच्या खांबातला डावीकडचा टाका मोठा दिसतो. सुलटवरून उलटवर जाताना धागा मागून पुढे येतो, त्या येण्यात थोडा जास्तीचा धागा लागतो, आणि तो जास्तीचा धागा नुकत्याच विणलेल्या सुलट टाक्यात जाऊन बसतो. इथे एकाच ठिकाणी हात किंचित आवळायला हरकत नाही: धागा पुढे आणल्यावर, पहिला उलट टाका घालायच्या आधी. केबलच्या नक्षीच्या दोन्ही कडांनाही हेच करावं. सगळ्या ओळीवर ताण वाढवून ही शिडी जात नाही.

इथपर्यंत सगळं हाताचं आणि सुईचं झालं. पण किती चूक खपेल हे सूत कोणतं आहे यावर ठरतं. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. ते धुवायला सोपं, स्वस्त आणि रंगांनी भरलेलं. मेंढीची लोकर तुटेपर्यंत आपल्या लांबीच्या २५ ते ३५ टक्के ताणली जाते आणि थोडी ताणली असेल तर पुन्हा मूळ जागी येते. तिच्या या लवचिकपणात लहानसहान चुका विरून जातात. सुती धागा ५ ते १० टक्क्यांतच तुटतो. तो देत नाही, घेतही नाही. जसा टाका घातला तसाच तो राहतो. म्हणून पहिल्यांदा शिकणारीच्या हातात सुती धागा देऊ नये, आणि शिकून झालेलीने मात्र तो जरूर घ्यावा.

हे जालन्याच्या बाबतीत आवर्जून सांगावंसं वाटतं. हा कापसाचा मुलूख आहे. देशात २००२ साली पहिल्यांदा परवानगी मिळालेली बीटी कपाशीची वाणं जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचीच होती. मराठवाड्यात उन्हाळा इतका लांब, की बाळासाठी सुती विणलेलं झबलं लोकरीच्या स्वेटरपेक्षा कितीतरी जास्त दिवस अंगावर राहतं. सुती धाग्यासाठी लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्याव्यात. गुळगुळीत स्टीलवरून तो टाके सोडतो. सुई एक नंबर बारीक घ्यावी, करंगळीचा वेढा कायम ठेवावा आणि धुतल्यावर सगळं सारखं होईल ही आशा धरू नये.

ओढ न वाढवता धागा एकसारखा कसा राहतो याचं बोलकं उदाहरण रेशमात दिसतं. जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत २०१८ साली रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला. त्याआधी इथल्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांना कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. एका चांगल्या पांढऱ्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू निघतो. हा तंतू सगळीकडे सारखा जाड नसतो, आतल्या टोकाकडे तो बारीक होत जातो. तरीही बाजारात जाणारा रेशमाचा धागा एकसारखा असतो, कारण गरम पाण्यात भिजवलेल्या सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढले जातात आणि त्यातला एक संपत आला, बारीक झाला, की नव्या कोषाचं टोक त्या जागी दिलं जातं. धागा जाड-बारीक होऊ लागला म्हणून कोणी तो जोराने ओढत नाही, ओढला तर तुटेल. ओढ कायम ठेवून पुरवठा सांभाळला जातो. सूत कातणारे, विणणारे, कोष उकलणारे, सगळे शेवटी याच एका गोष्टीवर नजर ठेवून असतात.

घोंगडीतही हेच दिसतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ, हाताने कातलेलं तिचं सूत जागोजागी जाड-बारीक. तसंच मागावर चढवलं तर केस एकमेकांत अडकून ताणा कुठे घट्ट, कुठे सैल होतो. म्हणून धनगर-सणगरांनी चिंचोक्याची खळ वापरली. चिंचोके भिजवून, शिजवून केलेल्या खळीने ताण्याच्या सुतावरचे केस बसतात, सूत गुळगुळीत होतं आणि सगळे धागे सारख्या ताणात चालतात. घर्षण हाताळून ताण सांभाळण्याची ही पद्धत कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. ज्यांनी ती शोधली त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते ऑयलरच्या तोलामोलाचे वाटतात.

स्वेटर सुरू करण्याआधी नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तो का विणायचा याचा हिशेब बघा. पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले आहेत आणि पूर्ण घेराला २२० टाके घालायचे आहेत. घेर झाला १०० सेंटिमीटर. तुमच्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ९१.७ सेंटिमीटर भरतात. आठ सेंटिमीटरने स्वेटर घेराला कमी पडला आणि आठवड्यांचं काम उसवायची वेळ आली. नमुना निदान १५ सेंटिमीटर रुंद असावा, कारण कडेचे टाके नेहमी वेगळे वागतात, ते मोजायचे नसतात. नमुना धुवावा, सपाट वाळवावा, मग मधले १० सेंटिमीटर मोजावेत. नमुन्याचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे: हात त्या लोकरीशी आणि त्या सुईशी ओळख करून घेतो. सुरुवातीच्या ओळींमधली धडपड नमुन्यावर होऊन जाते, स्वेटरच्या बॉर्डरवर होत नाही.

लग्नसराईत किंवा पाहुण्यारावळ्यांत काम आठवडाभर बाजूला पडलं, तर परत बसताना थेट स्वेटरला हात घालू नये. त्याच नमुन्यावर आठ-दहा ओळी विणून मग पुढे जावं. अर्धवट ओळीवर काम ठेवून उठू नये, कारण सुयांच्या मधे अडकलेले टाके तिथे ताणले जातात आणि एक उभी रेघ कायमची राहते. ओळ पूर्ण करूनच सुया ठेवाव्यात.

आता धुण्याबद्दल, कारण त्यावर फार लोकांचा विश्वास नसतो. खऱ्या लोकरीचा विणलेला तुकडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवला की तंतू मऊ होतात आणि एकमेकांवरून सरकू लागतात. मोठ्या टाक्यातला जास्तीचा धागा शेजारच्या आवळलेल्या टाक्यांकडे थोडा थोडा वाटला जातो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं, पिळू नये, मग सपाट जागी हाताने आकार देऊन वाळू द्यावं. वाळताना तो आकार बराचसा पक्का होतो. विणून नुकताच काढलेला आणि धुऊन वाळवलेला, असे दोन तुकडे शेजारी ठेवले तर ते एकाच हातचे वाटत नाहीत. अ‍ॅक्रिलिकमध्ये हा गुण फार थोडा. त्यावर गरम इस्त्री ठेवली की टाके सपाट आणि सारखे दिसतात खरे, पण तंतूंमधली उसळी कायमची जाते, बॉर्डर पुन्हा आवळून येत नाही आणि स्वेटर लोंबू लागतो. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नये. धुऊन सपाट वाळवणं एवढंच करावं.

एवढ्यानेही एखादा टाका फुगलेलाच राहिला, तर ओळ उसवायची गरज नाही. बारीक सुईच्या किंवा बोथट दाभणाच्या टोकाने त्या टाक्याच्या उजव्या पायातून थोडा धागा शेजारच्या टाक्यात ओढावा, त्यातून पुढच्यात, असं सहा-सात टाक्यांपर्यंत न्यावं. डाव्या बाजूलाही तेच करावं. एका मिलिमीटरचा जास्तीचा धागा बारा टाक्यांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा बारावा भाग येतो. तो डोळ्याला दिसत नाही.